आत्याबाईंची दाराजवळची जागा

आत्याबाई,

तुमच्या मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी केलेलं भाषण मी लक्ष देऊन ऐकलं. त्यात एक शांत, सोशिक आणि मितभाषी भगिनी होती, आणि ती कोण हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारी आपले थोरले पंच शमुवेलराव उभे होते. मंडळीच्या प्रत्येक सभेत तुमचं बोलणं सगळ्यांत जास्त त्यांनीच ऐकून घेतलेलं. 'मितभाषी' शब्द आला तेव्हा त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच उपरण्यात तोंड लपवलं. ते रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. स्वतःबद्दलही सांगता येणार नाही.

मंडळीच्या मासिकासाठी तुमच्यावर चार ओळी लिहून द्या, असं पंचांनी मला सांगितलं. जन्म, बाप्तिस्मा, घरोघर वचन सांगणारी बायबलबाई म्हणून किती वर्षं सेवा, आजार किती दिवस. लिहून पाठवल्या. त्या चार ओळींत चूक एकही नाही आणि तुम्हीही नाही. म्हणून हे दुसरं लिहितो आहे, आणि हे तुम्हांला आहे. तुम्ही ते वाचणार नाही याची मला सवय आहे. जिवंतपणीही माझं लिखाण तुम्ही वाचत नव्हतात. मी वाचून दाखवायचो आणि तिसऱ्या वाक्याला तुम्ही म्हणायचात, "मास्तर, म्हंजी काय झालं त्ये सांगा की."

तर काय झालं ते सांगतो.

मी वाईहून या गावी आलो त्या दिवशी सर्व्हिस मोटार कऱ्हाडाच्या पुढं दोनदा बंद पडली होती. उतरलो तेव्हा अंगावर धूळ आणि हातात एक जड ट्रंक. तुम्ही मिशनच्या शाळेच्या ओसरीवर बसला होतात. नव्या मास्तराला पाहायला आलेल्या चारपाच बायांमध्ये बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच. ट्रंकेकडे बोट करून तुम्ही विचारलंत, भांडी हायती का? मी जरा अभिमानानं म्हणालो, पुस्तकं आहेत. तुम्ही ट्रंकेकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मग शिजवनार कशात?"

या प्रश्नाचं उत्तर मला कधी शोधावंच लागलं नाही, कारण त्या संध्याकाळी तुमच्याकडून भाकरी आणि पिठलं आलं, दुसऱ्या दिवशीही आलं, आणि तसं ते अठरा वर्षं येत राहिलं. मी लग्न केलं नाही याचं खापर तुम्ही माझ्या पुस्तकांवर फोडायचात. खरं तर त्यात तुमच्या पिठल्याचा वाटा मोठा होता.

आपलं भांडण पहिल्या महिन्यातच सुरू झालं आणि ते मिटलेलं नाही. माझा बाप बाटला आणि मी जन्मानं ख्रिस्ती. त्यामुळे ज्या गोष्टीसाठी बापानं घर सोडलं ती मला घरबसल्या मिळाली, आणि फुकट मिळालेल्या वस्तूला मी उलटून पालटून पाहत बसलो. योना खरंच माशाच्या पोटात राहिला का, हे मी तुम्हांला विचारायचो. तुम्ही चिडायचा नाहीत. तांदूळ निवडता निवडता म्हणायचात, "तुमी देवाचं हजेरीपुस्तक घिऊन बसलाय. आला का न्हाई, एवढंच बगताय. काय काम करून गेला त्ये कोन बगनार?" मी यावर एक चांगलं उत्तर तयार केलं होतं. दोनतीन ग्रंथांचा आधार होता. सांगायचं राहून गेलं.

यंदाच्या वैशाखात वादळ आलं ते मात्र दोघांनीही हजेरी लावून पाहिलं. लढाई संपून वर्ष झालेलं. समुद्र पाहिलेले आपल्या ख्रिस्ती वाड्यात फक्त पलटणीतून परत आलेली पोरं. समुद्रावर उठलेलं वादळ घाट चढून आपल्या दारात येईल असं कोणाला वाटणार? भर दुपारी आभाळ शाईसारखं झालं आणि तासाभरात सगळं आटोपलं. वर्तमानपत्र तीन दिवसांनी आलं आणि तुमच्याकडे वादळ झालं असं आपल्याला कळवून गेलं.

वाड्यातल्या बहुतेक घरांवरचं पाचट आणि बांबू उडून कृष्णेपार गेले. देवळाचं अर्धं छप्पर गेलं. पंचांच्या कागदात ते 'प्रार्थनामंदिर' असतं, मिशनच्या गोऱ्या साहेबाच्या तोंडी चर्च, आणि तुमच्यामाझ्या तोंडी देऊळ. छपराचं वजन पेलणाऱ्या दोन कैच्या मोडल्या. भिंतीवरचा क्रूस मात्र जागेवर राहिला, आणि पाळकसाहेबांनी त्यावर पुढच्या रविवारी अंगणात उभं राहून प्रवचन केलं. ओढ्यापलीकडच्या ज्ञानू तात्यांच्या गोठ्यातली गव्हाणही जागेवर राहिली होती. तिच्यावर कोणी बोललं नाही.

उरलेलं छप्पर कोसळेल म्हणून सुताराकडून धड असलेली कौलं उतरवून घेतली आणि अंगणात रचून ठेवली. चांगली मंगलोरी कौलं. रचताना शमुवेलराव स्वतः उन्हात उभे होते आणि प्रत्येक कौलावर हात फिरवत होते. मला वाटलं, जिनसेची काळजी घेण्याचा पंचांना असतो तो सोस. ती कौलं लहानपणी त्यांनी बापाबरोबर नावेतून कृष्णा ओलांडून आणली होती, डोक्यावरून देवळापर्यंत वाहिली होती, हे मला माहीत होतं आणि मी विसरलो होतो. तुम्ही विसरला नव्हतात. त्याबद्दल पुढं.

वादळानंतर आठवड्यानं सांगलीहून गवतात गुंडाळलेली संगमरवरी पाटी आली. देवळाला पन्नास वर्षं होणार म्हणून पंचांनी ती हिवाळ्यातच सांगून ठेवली होती. वादळाला कोणी कळवलं नव्हतं. छप्पर नसलेल्या देवळाच्या अंगणात सगळी मंडळी गोळा झाली आणि पाटी उघडली. वर बारीक अक्षरांत 'देवाच्या गौरवार्थ', खाली ठळक अक्षरांत पाच पंचांची नावं हुद्द्यांसकट. तुम्ही पुढं वाकून ती मोठ्यानं वाचलीत आणि म्हणालात की देवाला चष्मा लागणार. मग आभाळाकडे पाहून म्हणालात, पाऊस आला तर ही डोक्यावर धरा, एक पंच तरी कोरडा राहील.

त्याच आठवड्यात पाळकसाहेब आणि शमुवेलराव कैच्यांच्या लाकडासाठी साहेबाला भेटायला महाबळेश्वरी गेले. उन्हाळ्यात साहेबाला सातारा गरम होतो. पाटीवरचा मजकूर कागदावर उतरवून त्यांनी बरोबर नेला होता, साहेबाला दाखवायला. जाताना मला बजावून गेले, तुम्ही मंडळीचे चिटणीस, कौलांवर लक्ष ठेवा.

मी ठेवलं. ते गेले त्याच्या चौथ्या दिवशी पाऊस लागला, नेहमीच्या दहा दिवस आधी, आणि थांबेना. शाळेची एकच खोली, तिच्यात सात घरची माणसं कोंबलेली, आणि ओढ्याचं पाणी उंबऱ्याला लागलेलं. मार्थाचं बाळ आठ दिवसांचं होतं. मी छत्री घेऊन देवळाकडे आलो तर तुम्ही कौलांच्या ढिगापाशी पदर खोचून उभ्या, आणि तुमच्यापुढं बायांची रांग. एकेकीच्या डोक्यावर चार चार कौलं देत होतात.

मी विचारलं, थोरल्या पंचांना विचारलंत का?

"म्हाबळेश्वराला हाक मारू व्हय?" तुम्ही मागं न बघता म्हणालात. "आवं मास्तर, देवाचं घर उगडं हाय त्ये हायच. त्याला सर्दी व्हत न्हाई. मार्थाच्या पोराला व्हती."

यावर ग्रंथाधार सापडण्यासारखा नव्हता. मी छत्री मिटली, वहाणा काढल्या आणि कौलं उचलायला लागलो. संध्याकाळपर्यंत बांबू बांधून त्यांवर कशीबशी कौलं चढली. मंगलोरी कौलं तशी बसत नाहीत, पण त्या दिवशी बसली. शेवटची अकरा कौलं तुम्ही ओढ्यापलीकडे ज्ञानू तात्यांना दिलीत. त्यांचा गोठा सपाट झाला होता आणि म्हैस गाभण होती. मी एवढंच म्हणालो की माणसांपर्यंत ठीक आहे, पण परधर्मीयाच्या म्हशीबद्दल पंचांना काय सांगायचं? तुम्ही म्हणालात, "येशू कुठं जल्मला त्ये सांगा."

पंच परत आले तेव्हा अंगणात कौलांच्या जागी चिखल होता. साहेबाकडून लाकडाचं आश्वासन मिळालं होतं आणि त्याबरोबर साहेबाची एक मागणी आली होती: काय उरलं आणि काय गेलं याचा अहवाल. तो लिहायचं काम माझं. आत्याबाई, मी तो एका बैठकीत लिहिला. 'पुन्हा उठलेल्या वावटळीने रचलेली कौले कोसळून भग्न झाली.' 'भग्न' शब्द मला फार आवडला होता. तुम्हांला वाचवतो आहे असं मला वाटत होतं, आणि थोडा स्वतःलाही. लोकांना सोयीचं असेल ते मी चांगल्या मराठीत लिहून दिलं होतं.

कारण कौलं कुठं गेली ते सगळ्यांना माहीत होतं. वाड्यातल्या निम्म्या घरांवर तांबडी कौलं झळकत होती आणि पंच त्यांच्याखालून रोज जात येत होते. मान वर करत नव्हते. मी ती नम्रता समजलो.

रविवारी अहवाल वाचला गेला. लष्करी डेपोतून कोणाच्या तरी मुलानं आणलेली ताडपत्री देवळावर ताणली होती आणि तिच्यावर पाऊस एवढा वाजत होता की माझं वाचन निम्म्यांना ऐकू गेलं नाही. तुम्हांला गेलं. उपासना झाल्यावर तुम्ही मला घरी बोलावलंत आणि पिठलं न वाढता समोर बसवलंत. अठरा वर्षांत ती पहिलीच वेळ.

तुमचं म्हणणं असं की तुम्ही कौलं वाटलीत ती दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत, आणि पंच आल्यावर त्यांना तोंडावर सांगणार होतात. आता माझ्या कागदानं ती चोरी झाली. माझं म्हणणं असं की खरं बोलून मंडळीत दोन तट पडतील, आणि या खोट्यानं कोणाचं नुकसान होत नाही. उलट देऊळ उभं राहतं, घरं झाकली जातात, पंचांचा मान राहतो. एवढा फायदा खऱ्यात असतो का, हेही मी विचारलं. बरंच चांगलं बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात की मास्तर, तुम्ही माझ्यासाठी केलंत हे मला कळतं, पण मला विचारून केलं असतंत तर मी नको म्हटलं असतं, आणि हे तुम्हांला ठाऊक होतं म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. मग पिठलं वाढलंत.

आषाढात प्रभुभोजन आलं. आपल्याकडे त्याच्या आदल्या दिवशी तयारीची सभा असते. प्रभूच्या आठवणीची भाकर मोडून वाटून खाण्याआधी मनं साफ करायची. पाळक विचारतात, कोणाच्या मनात कोणाविषयी काही अढी आहे का, कोणाला काही कबूल करायचं आहे का? दरवेळी कोणाची तरी कोंबडी कोणाच्या तरी वाफ्यात गेलेली असते, दोघं उठतात, एकमेकांचे हात धरतात, आणि सभा चहापाण्याला मोकळी होते. त्या दिवशीही एक कोंबडी झाली. मग तुम्ही उठलात.

"कौलं फुटली न्हाईत. म्या वाटली. कुनाला इचारलं न्हाई. पुन्यांदा तसाच पाऊस आला तर पुन्यांदा वाटीन, पर इचारायला पायजे हुतं त्ये चुकलं."

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, मग अहवालात फुटली असं कसं आलं? मास्तरांना तुम्ही काय सांगितलं होतं?

तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाही. म्हणालात, "मास्तरास्नी अंगनात कौलं दिसली न्हाईत. त्येंनी लिवलं."

एवढ्यात खोटं काहीच नव्हतं. त्या वाक्यात मला लपायला पुरेशी जागा होती आणि मी लपलो. उठायला पाहिजे होतं. मी पुरुषांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत बसलो होतो, मांडी घातलेली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या. हे सगळं कारण म्हणून सांगत नाही, आठवतं म्हणून सांगतो.

पंचांनी बाजूला जाऊन विचार केला आणि तुम्हांला सहा महिने प्रभुभोजन बंद केलं. तीन महिने देवळाची जिन्नस परस्पर दिल्याबद्दल आणि तीन मंडळीची फसवणूक केल्याबद्दल. पहिले तीन तुमचे. दुसरे तीन माझे होते, आत्याबाई. तुम्ही तेही मान खाली घालून घेतलेत. आयुष्यात एक दिवस प्रभुभोजन न चुकवलेल्या तुम्ही, तापात असताना खाटेवरून उचलून आणायला लावणाऱ्या. माझ्यासारख्याला सहा वर्षं बंद केलं असतं तरी मी वाचत बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी भाकरीचं ताट माझ्यासमोर आलं आणि मी तुकडा उचलला. तुम्ही दाराजवळ, ताडपत्री जिथं संपत होती तिथं, तरटावर बसला होतात. डोक्यावर इरलं, कारण तिथं पाऊस आत येत होता. शिक्षा झालेल्यानं दाराशी बसावं असा काही नियम नाही. मी मंडळीची जुनी दप्तरं चाळून पाहिली. ती जागा तुम्हीच निवडलीत.

बाहेर पडताना मी तुमच्याकडे न बघता जाणार होतो. तुम्हीच हाक मारलीत. "मास्तर, तुमी खाल्लं त्ये लय बरं झालं. दोगंबी हितं बसलो असतो तर वहानांस्नी जागा उरली नसती."

तेव्हा मी खाली पाहिलं. देवळात शिरताना माणसं वहाणा कशाही फेकतात, आणि पावसात तर तो चिखलातला एक ढीगच होतो. तुम्ही उपासना चालू असताना सगळ्यांच्या वहाणा जोडीजोडीनं लावून ठेवल्या होत्या, तोंडं बाहेरच्या बाजूला, म्हणजे माणसानं यावं, पाय घालावे आणि निघावं. शमुवेलरावांचे पंपशू सगळ्यांत कोरड्या जागी होते.

पुढं दर रविवारी तेच. माझ्या उलट्या पडलेल्या चपला सरळ झालेल्या मिळायच्या आणि घरी भाकरी यायची. या दोन गोष्टींनी माझे पावसाळ्याचे चार महिने खाल्ले. तुम्ही एकदा टोमणा मारला असता तर मी उलटून भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तुम्ही ती सोय दिली नाहीत.

कार्तिकात उपकारस्तुतीचा सण आला. शेतातलं पहिलं पीक देवाला आणून ठेवायचं. सुतारानं नव्या कैच्या चढवल्या होत्या, वरती फक्त आभाळ. मी कापडी फुलांची कमान बांधण्याच्या कामात होतो, कारण साताऱ्याहून साहेब येणार होता, आणि साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे कमान येते. घंटा झाली आणि वाड्याकडून बाया यायला लागल्या. दरवर्षी टोपल्या असतात. या वर्षी प्रत्येकीच्या डोक्यावर कौलं होती आणि सगळ्यांत वरच्या कौलावर, ताटात ठेवावं तसं, तिचं पीक. मक्याची चार कणसं. भुईमुगाच्या शेंगा. एक भोपळा. मार्थानं एका हातात बाळ धरलं होतं, आता चांगलं बाळसेदार, आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरची कौलं. पाऊस सरला की आपापली कौलं उतरवायची, असं तुम्ही देतानाच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मला सांगितलं नव्हतंत. मी विचारलं नव्हतं म्हणा.

सगळ्यांत शेवटी ज्ञानू तात्या आले. ते देवळाच्या आत कधी आले नव्हते. अकरा कौलं आणि गुळाचा खडा घेऊन दाराशी थांबले. साहेब, पाळकसाहेब, पंच सगळे कमानीखाली उभे होते, पण तात्या बोलले ते तरटावर बसलेल्या बाईशी.

"आवं बाई, तुमच्या देवानं माजी म्हस कोरडी ठिवली. ब्येस रेडी झाली. ही घ्या त्येची त्येला."

साहेबानं मला विचारलं, हा गृहस्थ काय म्हणतो? मी भाषांतर केलं. साहेब पुन्हा कौलांकडे पाहून म्हणाला, पण अहवालाप्रमाणे ही फुटली होती ना? मला तेव्हाही बोलता आलं असतं. मी म्हणालो, काही वाचली होती. तुम्ही माझ्या चपला सरळ करत होतात.

दहा दिवसांत छप्पर झालं. त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही अंथरूण धरलंत आणि आठवड्यात गेलात. शेवटच्या दिवशी मी तुमच्यापाशी बसलो होतो. मला सांगायचं होतं आणि तुम्हांला ते कळलं होतं, कारण मी तोंड उघडलं की तुम्ही पाणी मागत होतात. तिसऱ्यांदा म्हणालात, "मला नगा सांगू. मला ठाव हाय त्ये सांगून काय उपेग?" मग ट्रंक कशी आहे ते विचारलंत. मी म्हणालो, भरली आहे, आता दुसरी घेतली. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, आन् भांडी?

तुमची शिक्षा संपायला महिना बाकी होता. अशा सभासदाच्या मातीला देवळाची घंटा वाजवावी की नाही, यावर पंचांनी चर्चा केली. ती फार चालली नाही. शमुवेलराव उठले, शिक्षा भाकरीची होती, मातीची नव्हती, असं म्हणाले आणि स्वतः जाऊन दोर ओढू लागले. त्यांचा हात थकला तरी सोडेनात.

नंतर त्यांच्या मनात आलं की पाटीवर तुमचंही नाव कोरावं. सांगलीच्या कारागिराला विचारलं. तो म्हणाला, जागा नाही, पाच नावांनी भरली आहे. मला बरं वाटलं. पाटी अजून शाळेच्या भिंतीला टेकून उभी आहे आणि मुलं तिच्या आडोशाला गोट्या खेळतात.

काल नाताळच्या प्रभुभोजनाची तयारीची सभा झाली. पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. कोंबडी कोणाचीच नव्हती. मी उठलो. पायाला मुंग्या आल्या होत्याच. मी म्हणालो की अहवाल मी लिहिला, कौलं कुठं गेली हे मला माहीत होतं, कारण त्यांतली चाळीसेक माझ्याच हातून गेली. आत्याबाईंनी मला खोटं सांगितलं नव्हतं, मी त्यांच्या नावावर खोटं लिहिलं. तयार केलेली वाक्यं बरीच होती. एवढीच बाहेर आली.

पाळकसाहेब दप्तर चाळू लागले. बोलले ते शमुवेलराव.

"मास्तर, त्ये समद्यांस्नी ठावं हुतं."

मला राग आला. मी विचारलं, मग आषाढात बोलला का नाहीत?

"आत्याबाई सभेच्या आदल्या दिशी माज्या घरला आली हुती," ते म्हणाले. "म्हनली, तुज्या बापानं वाहिलेली कौलं म्या न इचारता दिली, पयलं तुजी माफी. आन् म्हनली, मास्तरास्नी कुनी ओडून उटवू नगासा. त्येंचं त्ये येत्याल. येळ लागंल, वाचून वाचून येत्यात."

म्हणजे सहा महिने सगळी मंडळी माझी वाट पाहत होती, आणि ती वाट तुम्ही पायांनी तुडवून ठेवली होती. माझ्या माघारी, मला न विचारता. मी तुमच्यासाठी न विचारता केलं त्याची परतफेड म्हणायची का ही? आपलं ते भांडण आता मी एकट्यानंच पुढं चालवायचं आहे. तुमची बाजू मांडताना मला जड जातं, कारण ती बरोबर आहे आणि तिला ग्रंथाधार नाही.

मला तीन महिने मिळाले. मी मागून घेतले, नेमके तेच. पाळकसाहेब म्हणाले, त्यांची भरपाई आत्याबाईंनी केली आहे. मी म्हणालो, केली आहे, म्हणूनच.

आज सकाळी प्रभुभोजन झालं. मी दाराजवळ बसलो, तुमच्याच तरटावर. डोक्यावर आता छप्पर आहे, इरल्याची गरज नाही. ताट पुढच्या रांगांतून फिरलं आणि दाराकडे न येता परत गेलं. तुकड्यावर माझा विश्वास किती आहे हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तो समोर आला नाही तेव्हा मी मान उंचावून पाहिलं, एवढं तुम्हांला कळवतो. तुम्ही यावरून काय अनुमान काढाल ते मला ऐकू येतं आहे.

गाणं सुरू झालं तशी मी वहाणांना हात घातला. वाटतं तितकं सोपं नाही ते. निम्म्या चपला एकमेकींसारख्या दिसतात. मार्थाच्या पायात तिच्या नवऱ्याच्या पलटणीतल्या वहाणा असतात हे मला माहीत नव्हतं, तुम्हांला असणार. सगळ्यांची तोंडं बाहेर केली. शमुवेलरावांचे पंपशू तेवढे मी कालच्या रागानं मुद्दाम उलटसुलट ठेवले. तुम्ही असता तर सरळ ठेवले असतेत, आणि कोरड्यात. ते बाहेर आले, पंपशूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाकून ते सरळ केले आणि जाता जाता माझ्या चपलाही सरळ करून गेले.

अजून तीन महिने आहेत, आत्याबाई. शिकेन.